उघडें दप्तर आणि यंत्राचा हात

विदर्भांत कारंजा नांवाचीं दोन प्रसिद्ध गांवें आहेत. वाशिम जिल्ह्यांतील तें कारंजा लाड, आणि वर्धा जिल्ह्यांत नागपूर-अमरावती रस्त्यावर वसलेलें तें कारंजा घाडगे. जुन्या काळीं या दुसऱ्या पदाचा उपयोग पाहुण्यानें चुकीच्या गाडींत बसूं नये एवढ्यापुरताच होता. जमिनीचें दप्तर संगणकावर गेल्यापासून मात्र त्याचें महत्त्व वाढलें आहे. सरकारच्या ‘महाभूलेख’ या वेबसाइटवर सातबारा पाहावयाचा झाला तर प्रथम महसुली विभाग निवडावा लागतो. घाडग्यांच्या कारंज्याच्या शेतकऱ्यानें नागपूर विभाग निवडावयाचा, लाडांच्या कारंज्याच्या शेतकऱ्यानें अमरावती. मग जिल्हा, मग तालुका, मग गांव, मग गट क्रमांक किंवा खातेदाराचें नांव. त्यापुढें पाहणाऱ्याचा मोबाईल क्रमांक भरावयाचा. इतकें झाल्यावर शेवटीं एका लहानशा चौकटींत कांहीं वेडींवांकडीं अक्षरें दिसतात. तीं ओळखून खालच्या रकान्यांत जशींच्या तशीं लिहिलीं म्हणजेच पान उघडतें. या अक्षरांच्या कोड्यास कॅप्चा म्हणतात.

जून महिना म्हणजे पेरणीचा आणि पीककर्जाचा. कारंजा तालुक्यांत कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्रा पिकविणारा शेतकरी या दिवसांत सेतु केंद्राच्या पायऱ्या चढतो, कारण बँकेंत जावयाचें तर सातबारा आणि आठ-अ हातीं असावे लागतात. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचा नातू घरीं मोबाईलवर हें पान काढून पाहूं लागला, तर अक्षरें दोनदां चुकतात, तिसऱ्यांदा मोबाईलची रेंज जाते, आणि म्हातारा विचारतो, “आपल्याच वावराचा कागद, आणि त्याला हा उखाणा कशाला?” प्रश्न अगदीं रास्त आहे. ज्या दारावर “सर्वांस मुक्त” अशी पाटी आहे त्याच दाराशीं ही परीक्षा कां, हें सांगणारा मनुष्य तेथें कोणी नसतो.

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर सातबारा उघडा कां ठेविला आहे, येथून आरंभ केला पाहिजे. गांवचा नमुना सात हा अधिकाराचा आणि नमुना बारा हा पिकांचा. या दोहोंचें मिळून एक पान होतें. सातव्या नमुन्यांत खातेदाराचें नांव, क्षेत्र आणि आकार असतो, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क असे तपशील असतात. बाराव्यांत कोणत्या हंगामांत कोणतें पीक होतें, तें लिहिलेलें असतें. जमीन विकत घेणाऱ्यास तिच्यावर कर्ज आहे कीं नाहीं हें कळलें पाहिजे. भावाभावांच्या वांटणींत कोणाचें नांव गुपचूप उडविलें गेलें असेल तर तेंही दिसलें पाहिजे. विधवेस आपली वारस-नोंद झाली किंवा नाहीं याची खात्री करून घेतां आली पाहिजे. म्हणूनच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें जमिनीचे अभिलेख लोकांस पाहण्यास खुले ठेविले आहेत. पूर्वी हें दप्तर पटवाऱ्याच्या पेटींत असे. विदर्भांतील लोक अजूनही तलाठ्याला पटवारीच म्हणतात, आणि २०२४ सालीं सरकारनें त्याचें नांव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असें केलें तरी हा शब्द त्यांच्या तोंडीं बसावयास कांहीं काळ जाईल. पेटींतील दप्तर पाहावयाचें म्हणजे पटवारी गांवांत असावा लागे, त्याची मर्जी असावी लागे, आणि पुष्कळदां आणखीही कांहीं असावें लागे. तें सारें संगणकानें पुष्कळ अंशीं नाहींसें केलें, हा लहान उपकार नव्हे.

परंतु त्या पेटीची एक संपत्ति होती, ती कोणाच्या ध्यानांत आली नव्हती. ती म्हणजे उशीर. महाराष्ट्रांत सातबाऱ्याचीं पानें सुमारें अडीच कोटी आहेत. एका कारकुनानें एक पान दहा मिनिटांत उतरून घेतलें आणि दिवसाचे आठ तास काम केलें, तर त्याचीं दिवसाचीं अठ्ठेचाळीस पानें होतील. वर्षाचे तीनशें दिवस धरले तरी सारें दप्तर उतरावयास त्याला सतराशें छत्तीस वर्षें लागतील. म्हणजे सातवाहनांच्या काळाच्या आसपास ज्यानें काम आरंभिलें असेल त्याचें आज संपलें असतें. दप्तर उघडें होतें, पण कोणासही तें सबंध उचलून नेतां येत नव्हतें. कायद्यानें न घातलेलें कुलूप श्रमानें घातलें होतें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं गुन्ह्यांच्या नोंदींविषयींच्या एका खटल्यांत हीच गोष्ट विचारांत घेतली होती. निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली माहिती जरी उघडी असली, तरी तिची एके ठिकाणीं केलेली रास ही निराळी वस्तु आहे, असें त्या न्यायालयानें मानलें.

संगणकानें तें श्रमाचें कुलूप काढून टाकलें. गांवचे गट क्रमांक ओळीनें असतात. एक, दोन, तीन, चार. यंत्राला गांवाची ओळख नको, खातेदाराचें नांव नको. त्यानें केवळ अंक मोजीत जावयाचें आणि प्रत्येक अंकाचें पान मागावयाचें. एका सेकंदाला एक पान घेतलें तरी अडीच कोटी पानांस दोनशें एकोणनव्वद दिवस पुरतात. अशीं शंभर यंत्रें एकदम लावलीं तर काम तीन दिवसांच्या आंत उरकतें. आणि एवढ्या वेळांत कारंज्याच्या त्या नातवाला पान उघडत नाहीं तें नाहींच, कारण सर्व्हर त्या शंभर यंत्रांना उत्तरें देण्यांत गुंतलेला असतो.

असा ढीग गोळा करून कोणी काय करतो? याचें पहिलें उदाहरण फार जुनें आणि बोलकें आहे. आजच्या इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, त्यावर १९७८ च्या मे महिन्यांत गॅरी थर्क नांवाच्या एका विक्रेत्यानें आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारें चारशें लोकांस एकदम पाठविली. जगांतील पहिला स्पॅम संदेश म्हणून तिची नोंद झाली आहे. हे चारशें पत्ते त्यानें आणले कोठून? अर्पानेट वापरणाऱ्यांच्या नांवांची एक छापील सूची होती, तींतून. एकमेकांस सहज पत्र लिहितां यावें म्हणून सदिच्छेनें छापलेली ती सूची. तिच्यावरून पत्ते हातानें टाइप करून काढले गेले. पुढें इंटरनेटवरील नांवांची जी सार्वजनिक नोंदवही होती, जिला ‘हू-इज’ म्हणत, तिचीही तीच गत झाली. वेबसाइटच्या मालकाचें नांव, पत्ता, फोन सारें तींत उघडें असे, कारण कांहीं बिघाड झाल्यास मालकास कळवितां यावें. स्पॅमवाल्यांनीं तीच वही चाळून जाहिराती पाठविण्यास आरंभ केला. तेव्हां एका पत्त्यावरून किती विचारणा कराव्यात यावर बंधनें आलीं, २०१८ सालीं युरोपचा माहितीरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर नांवें झांकलीं गेलीं, आणि जानेवारी २०२५ मध्यें ‘.कॉम’ सारख्या सर्वसाधारण नांवांपुरती ही जुनी व्यवस्था बाजूस सारून तिच्या जागीं नवी आणण्यांत आली. दुरुपयोग मूठभरांनीं केला आणि वही मिटली ती सर्वांकरितां.

सातबाऱ्याच्या पानावर फोन क्रमांक नसतो, म्हणून त्याच्या ढिगाचें भय नाहीं, असें कोणी म्हणेल. हें म्हणणें फार वरवरचें आहे. त्या पानावर काय असतें तें वर सांगितलेंच आहे. एका शेताचा बोजा त्या शेताच्या गिऱ्हाइकानें पाहिला तर तो त्याचा हक्क. परंतु एका सबंध तालुक्यांतील कोणकोणत्या खातेदारांच्या डोक्यावर कर्ज आहे, किती एकर आहे, जमीन महामार्गालगत आहे कीं आंत आहे, वारसांमध्यें किती नांवें आहेत, अशी यादी एका बैठकींत तयार झाली तर ती शिकारीची यादी होते. २००६ सालीं पंतप्रधानांनीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांकरितां विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. अशा जिल्ह्यांत कर्जदारांची नांवनिशीवार यादी बेपरवाना सावकाराच्या हातीं पडणें म्हणजे काय, हें श्रोत्यांस निराळें सांगावयास नको. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा ठरविला आहे. पण सावकाराला गिऱ्हाईक शोधून देणारी यादी करणें हा त्या कायद्याचा विषय नव्हे. आणि फोन क्रमांक तरी किती दूर असतो? नांव, गांव आणि क्षेत्र कळलें कीं दुसऱ्या कोठून तरी आलेल्या क्रमांकांच्या यादीशीं तें जुळविणें हेंही यंत्राचेंच काम. मग “तुमच्या दोन हेक्टरावर कर्जमाफी मंजूर झाली आहे, ही फाइल उघडा” असा निरोप येतो. त्यांतील दोन हेक्टर खरे असतात, म्हणूनच बाकीचें खोटें खपतें. फसविणाऱ्याला सारें खोटें बोलावें लागत नाहीं; एक आंकडा खरा असला कीं पुरे.

तेव्हां यंत्राचा हात अडविणें आवश्यक आहे, येथवर वाद नाहीं. वाद आहे तो कसा अडवावा, आणि त्यांत अडतो कोण, याविषयीं.

सर्वांत सौम्य उपाय म्हणजे पाटी. १९९४ सालीं मार्टाइन कोस्टर यानें अशी रीति सुचविली कीं, प्रत्येक वेबसाइटनें दाराशीं एक चिठ्ठी ठेवावी आणि कोणत्या खोल्यांत यंत्रांनीं शिरूं नये तें तींत लिहावें. मोठीं शोधयंत्रें ही चिठ्ठी मानतात. चोर मानीत नाहीं. दारावरील “आंत येऊं नये” ही पाटी वाचून परत फिरतो तो मनुष्य मुळांत चोर नसतोच.

दुसरा उपाय कोड्याचा, म्हणजे त्या वांकड्या अक्षरांचा. अल्टाव्हिस्टा नांवाच्या शोधयंत्रांत यंत्राच्या साहाय्यानें खोट्या नोंदी भरल्या जात. त्या थांबविण्यासाठीं १९९७ च्या सुमारास आंद्रेइ ब्रोडर आणि त्याचे सहकारी यांनीं ही युक्ति योजिली. मनुष्याला वाचतां येतील पण यंत्राला वाचतां येणार नाहींत अशीं अक्षरें, ही तिची कल्पना. ‘कॅप्चा’ हें नांव पुढें कार्नेगी मेलन विद्यापीठांतील लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आदि मंडळींनीं दिलें. युक्ति मोठी सुंदर होती, आणि कांहीं वर्षें तिनें खरोखरच काम केलें. मग व्यापाऱ्यानें आपली युक्ति काढली: यंत्राला वाचतां येत नाहीं तर माणूस लावावा. २०१० सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दियेगो येथील संशोधकांनीं या धंद्याचा अभ्यास केला, तेव्हां हजार कोडीं सोडवून देण्याचा दर अवघा एक डॉलर किंवा त्याहूनही कमी असल्याचें आढळलें. तीं सोडविणारे हात भारत, बांगला देश, चीन अशा स्वस्त मजुरीच्या देशांतील होते. म्हणजे ज्या परीक्षेंत मनुष्यपण सिद्ध करावयाचें ती परीक्षा मनुष्यच भाड्यानें देऊं लागला. आणि आतां भाड्याचा मनुष्यही नको. २०२३ सालीं अर्व्हाइन येथील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, प्रचारांतील अनेक प्रकारचीं हीं कोडीं यंत्रें माणसांपेक्षां जलद आणि अधिक बिनचूक सोडवितात.

याचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. कोडें आज ज्याला अडवितें तो ढीग नेणारा व्यापारी नव्हे. मोतीबिंदूच्या डोळ्यांचा म्हातारा, इंग्रजी अक्षरें अडखळत वाचणारी बाई आणि अंध विद्यार्थी यांना तें अडवितें. अंध मनुष्य संगणक वापरतो तो पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या आधारानें, आणि नेमकीं हीं अक्षरें त्या साधनास वाचतां येऊं नयेत अशाच रीतीनें काढलेलीं असतात. कोर्टाच्या वेबसाइटांवर अंध वकिलांची ही अडचण झाली, तेव्हां न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील ई-समितीनें तींत लक्ष घातलें, आणि २०२१ पर्यंत देशांतील उच्च न्यायालयांच्या वेबसाइटांवर अपंगांसही वापरतां येईल असे कॅप्चा बसविले गेले. पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तर संगणकीय सेवांपर्यंत पोंचतां येणें हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें. ज्या कार्यालयांच्या दारावर आजही केवळ डोळसांचें कोडें आहे त्यांनीं हा निकाल वाचावा.

तिसरा उपाय वेगाचा, आणि विचार करतां तोच न्याय्य दिसतो. उन्हाळ्यांत गांवाच्या नळावर ज्याप्रमाणें घरटीं ठराविक घागरी असा नियम करतात, त्याप्रमाणें एका पत्त्यावरून एका दिवसांत इतकींच पानें, असा नियम करावयाचा. नळावर कोणासही उखाणा घालीत नाहींत. टँकर घेऊन आलेल्यास मात्र थांबवितात. समजा ही मर्यादा रोज पन्नास पानांची ठेविली. कारंज्याच्या कोणत्याही घराला पन्नास सातबारे एका दिवसांत लागत नाहींत. परंतु अडीच कोटी पानें एका पत्त्यावरून न्यावयाचीं तर पांच लक्ष दिवस, म्हणजे तेराशें वर्षांहून अधिक काळ लागेल. जुन्या कारकुनाचा उशीर असा पुन्हां परत आणतां येतो, आणि तोही एका प्रामाणिक मनुष्यास न छळतां.

यांत एक मेख आहे, आणि ती खेड्यालाच अधिक बोंचते. इंटरनेटवरील पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे. मोबाईल कंपन्यांजवळ पत्ते अपुरे असल्यामुळें त्या शेकडों, हजारों ग्राहकांना एकाच पत्त्याआड बसवितात. बाहेरून पाहणाऱ्या सर्व्हरला तीं सारीं माणसें एकच मनुष्य वाटतात. तेव्हां आंधळेपणानें पत्त्यावर मर्यादा घातली तर पीककर्जाच्या दिवसांत अर्ध्या तालुक्याला दार बंद व्हावयाचें. सेतु केंद्रांत तर एकाच संगणकावरून दिवसभरांत कित्येक शेतकऱ्यांचीं पानें निघतात. त्या बिचाऱ्या केंद्रचालकाला यंत्र ठरविणें हा शुद्ध अन्याय होईल. उलट मोठा चोर भाड्यानें घेतलेले हजारों पत्ते बदलीत राहतो. म्हणून मर्यादा घालतांना केवळ संख्या न पाहतां मागणीची चालही पाहावी लागते. माणूस एक गट पाहतो, थांबतो, शेजारचा पाहतो, चुकतो, मागें जातो. यंत्र एकापासून नऊशेंपर्यंत न चुकतां, न थांबतां, रात्रीं अडीच वाजतांही त्याच ठेक्यानें चालतें. ज्यानें कधीं शाळेंतील मुलांच्या वह्या तपासल्या आहेत त्याला नक्कल आणि स्वतः लिहिलेलें यांतील फरक अक्षरांच्या चालीवरून ओळखतां येतो, तसेंच हें. नोंदणीकृत सेवा केंद्रांना ओळखपत्रानिशीं निराळी, मोठी मर्यादा देतां येते.

फी हाही एक प्रकारचा बांधच आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. त्याची फी पानामागें पंधरा रुपये. ज्याला एक पान हवें त्याला हे पंधरा रुपये जड नाहींत. साऱ्या राज्याचें दप्तर नेऊं पाहणाऱ्यास मात्र साडेसदतीस कोटी रुपये मोजावे लागतील. बँकांना रोज पुष्कळ पानें लागतात, म्हणून त्यांच्याकरितां भूमि अभिलेख विभागानें करार करून स्वतंत्र वाट ठेविली आहे. ज्याचें काम मोठें आणि उघड, त्याला नांव नोंदवून मोठें दार. ज्याला केवळ आपलें पान पाहावयाचें, त्याला विनामूल्य लहान दार. ही व्यवस्था चांगली आहे. उणीव एवढीच कीं, अशी मोठीं दारें बहुधा बँकांपुरतीं उघडतात. अभ्यासकाला आणि वार्ताहराला तीं क्वचितच उघडतात.

आणि ही उणीव लहान नाहीं. ढीग मागणारा प्रत्येक जण चोर नसतो. मतदारयाद्यांचें प्रकरण या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. मतदारयादी कायद्यानेंच प्रसिद्ध करावी लागते, कारण नांव गळलें असेल तर मतदारानें हरकत घ्यावी. २०१८ च्या आरंभीं निवडणूक आयोगानें राज्यांना अशी सूचना दिली कीं, इंटरनेटवर ठेवावयाच्या याद्या अक्षररूपानें न ठेवतां चित्ररूपानें ठेवाव्यात, आणि पुढें कॅप्चा लावावा. परक्या हातांनीं मतदारांची माहिती उपसून नेऊं नये, हा हेतु. त्याच वर्षीं मध्य प्रदेशांतील कमल नाथ आणि राजस्थानांतील सचिन पायलट हे सर्वोच्च न्यायालयांत गेले. यादींत शोध घेतां येईल अशा स्वरूपांत ती मिळाली तरच दुबार नांवें हुडकतां येतील, असें त्यांचें म्हणणें होतें. १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं न्या. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांनीं ती मागणी नाकारली. अर्जदाराला तसें स्वरूप हवें असेल तर मिळालेल्या यादीवरून त्यानें आपल्या श्रमानें तें तयार करून घ्यावें, असा निकालाचा आशय होता. म्हणजे येथेंही भरंवसा ठेविला तो श्रमाच्या जुन्या कुलपावर. परंतु चित्रांतील अक्षरें वाचणारीं यंत्रें आज कोणासही मिळतात. पैसेवाल्या पक्षाला आणि जाहिरातवाल्याला तीं परवडतात, गांवांतील चार जागरूक तरुणांना कदाचित् परवडत नाहींत, आणि अंध मतदाराला तर आपलें नांव यादींत आहे कीं नाहीं हेंही त्या चित्रावरून ऐकतां येत नाहीं. २०२५ सालीं हा वाद देशांत पुन्हां पेटला, त्याचें कारण या अर्धवट कुलपांतच आहे.

दप्तर मिटून ठेवण्याचा मोह सरकारांना नेहमींच होतो. पुण्याचें पेशवे दप्तर इंग्रज सरकारनें कित्येक वर्षें अभ्यासकांपासून दूर ठेविलें होतें. इतिहासकार दाराशीं तिष्ठत राहिले. शेवटीं गो. स. सरदेसाई यांच्याकडे तें काम आलें आणि १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले, तेव्हां कोठें मराठ्यांच्या इतिहासाला मोकळा वारा लागला. चोराच्या भयानें लावलेलें कुलूप आधीं लागतें तें विद्यार्थ्याला.

सातबाऱ्याच्या बाबतींत यातून वाट काढतां येण्याजोगी आहे. अभ्यासकाला कर्जदाराचें नांव नको असतें. कारंजा तालुक्यांत संत्र्याखालीं किती क्षेत्र, किती खात्यांवर बोजा, किती वारस-नोंदी प्रलंबित, एवढेंच हवें असतें. अशी नांवें वगळलेली बेरीज सरकारनेंच गांववार काढून कोणासही उचलूं द्यावी. मग प्रामाणिक मनुष्याला यंत्र लावण्याचें कारण उरणार नाहीं, आणि जें यंत्र तरीही नांवांच्या पानांवर घिरट्या घालील त्याचा हेतु आपोआप उघडा पडेल.

कायद्याची मदत होईल ती अर्धीच. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें परवानगीवांचून संगणकांतील माहिती उपसून नेणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागतां येते. परंतु नेणारा सांपडला पाहिजे. २०२३ सालीं संसदेनें संमत केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यानें लोकांना मोठा धीर दिला आहे, असें पुष्कळांस वाटतें. त्या कायद्यांत एक कलम असें आहे कीं, जी माहिती कायद्याच्या बंधनामुळें सार्वजनिक केली गेली असेल तिला हा कायदा लागू नाहीं. सातबारा आणि मतदारयादी या दोन्ही वह्या नेमक्या त्याच वर्गांतील. शेतकऱ्याचें नांव ज्या कायद्यानें उघडें झालें त्याच कायद्यामुळें तें नव्या संरक्षणाच्या बाहेर राहिलें. म्हणून दाराशीं योग्य मर्यादा ठेवणें हें केवळ तंत्रज्ञांचें काम न राहतां महसूल खात्याचेंच कर्तव्य होतें.

आणखी एक गोष्ट. पान पाहणाऱ्याकडून जो मोबाईल क्रमांक घेतला जातो, तो यंत्राला आळा घालण्यासाठीं असेल तर हेतु समजण्याजोगा आहे. परंतु कोणत्या क्रमांकानें कोणत्या गटाची चौकशी केली, याची जर नोंद राहत असेल, तर तीही एक नवी वही झाली, आणि ती सातबाऱ्याहूनही नाजूक. सातबाऱ्यावर नसलेला फोन क्रमांक या वहींत गटाच्या शेजारीं येऊन बसतो. कोण विकावयास निघाला आहे, कोणाला शेजाऱ्याच्या बांधाविषयीं शंका आहे, कोणती बहीण भावाच्या नकळत आपलें नांव शोधते आहे, हें सारें तींत उमटेल. पहारेकऱ्यानें दाराशीं येणाऱ्यांचीं नांवें लिहून घेतलीं, तर त्या यादीवर दुसरा पहारा हवा, आणि काम सरल्यावर ती जाळून टाकण्याचा दिवसही ठरलेला हवा.

कारंज्याच्या सेतु केंद्रांत एवढ्यांत त्या म्हाताऱ्याचा क्रमांक येतो. केंद्रचालक अक्षरें भराभर ओळखतो. त्याला संवय असते. पान उघडतें. तीन भावांचीं नांवें, एक हेक्टर कांहीं आर, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यांत बँकेचा बोजा. मागें रांगेंत सहासात माणसें उभीं असतात, आणि त्यांतल्या दोघांच्या माना पुढें आलेल्या असतात. केंद्रचालक पडदा किंचित् आपल्याकडे वळवितो आणि छपाईची कळ दाबतो.